कडी लावलीस ना?

माझ्या वाट्याला दोनच मिनिटं आलीयत, म्हणून थेट नारायण धारपांच्या (1925-2008) ‘लुचाई’वर येतो. स्टीफन किंगच्या 1975च्या ‘सेलम्स लॉट’वर बेतलेली ही कादंबरी. मूळ पुस्तक मी इंग्रजीत वाचलं आणि शांत झोपलो. ‘लुचाई’ मात्र ऑफिसातून परतताना ट्रेनमध्ये उघडली, तर पॅरामॅटा कधी गेलं कळलंच नाही; वेस्टमीडला उतरलो! धारप आधी माणसं ओळखीची करून देतात, अगदी शेजारपाजारच्यासारखी. मग त्यांतलंच एखादं रात्री दाराशी येतं. आवाज ओळखीचा, मग कडी कोण नाही काढणार? प्लॅटफॉर्मवरूनच पुण्याला फोन लावला. आई एकटीच असते तिथे.

“कडी लावलीस ना?”

“अरे, इथे भर दुपार आहे. तू जेवलास का?”