नांव यादींत, मग कार्ड हातांत

(बदलापूरच्या पलीकडील एका वाडींत शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेंत एका शाळामास्तरानें केलेलें भाषण)



आपण मला बोलावलें तें गांवचा मास्तर म्हणून. पण मतदारयादीचें काम सरकारनें ज्या मास्तरांच्या गळ्यांत घातलें आहे, त्यांतलाही मी एक आहें. वही काखेंत मारून मी तुमच्या ओट्यांवर बसलों आहें, नांवें लिहिलीं आहेत, आणि नांवें काढण्याच्या शिफारशीही केल्या आहेत. म्हणून प्रथम माझ्या हातून घडलेली एक चूक सांगतों. बाकीचें भाषण तिच्यावरच उभें आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं दिवाळीनंतर मी एका कातकरी वाडीवर यादी तपासावयास गेलों. एका झोपडीला ताटी लावलेली होती. शेजारी म्हणाला, "गेलीं तीं समदीं." कोठें गेलीं, किती दिवसांकरितां गेलीं, परत येणार कीं नाहीं, यांतलें मीं कांहींच विचारलें नाहीं. वहींत लिहिलें, 'कायमचें स्थलांतर.' पुढची नोटीस त्या ताटीवर चिकटली आणि वाऱ्यानें गेली. तें कुटुंब मुकादमाची उचल घेऊन वीटभट्टीवर गेलें होतें, आणि पावसाच्या तोंडीं परत येणार होतें. ही रीत आपल्या भागांत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मास्तराला मात्र ती त्या दिवशीं आठवली नाहीं.

मतदानाच्या दिवशीं तो मनुष्य एका दिवसाची मजुरी बुडवून बायकोसह आला. प्लॅस्टिकच्या पिशवींतून दोघांचीं फोटोचीं ओळखपत्रें काढून त्यानें टेबलावर ठेवलीं. यादी दोनदां पाहिली गेली. नांव नाहीं. तो म्हणाला, "साहेब, कारड हाय. तोंड बी माझंच हाय." पण केंद्राध्यक्ष काय करणार? यादींत नांव नाहीं त्याला मत नाहीं, असा कायदा आहे. बाहेर मदतीच्या टेबलावर मी बसलों होतों. तो माझ्याकडे आला, रागावला नाहीं. एवढेंच म्हणाला, "मास्तर, तुमी तर मला वळखता."

बंधूंनो, हल्लीं जिकडे तिकडे वाद चालला आहे कीं मत देणाऱ्याची ओळख किती कडक तपासावी. एक पक्ष म्हणतो, तपास ढिला ठेवाल तर चोर मत देईल. दुसरा म्हणतो, तपास कडक कराल तर गरीब बाहेर राहील. मला विचाराल तर दोघांचेंही भय खरें आहे. पण आधीं एक फरक ध्यानांत घ्या. कार्ड ही तोंडाची साक्ष. यादी हा हक्काचा उतारा. सातबाऱ्यावर नांव नसेल तर बांधावर उभें राहून 'हें शेत माझें' म्हटल्यानें शेत आपलें होत नाहीं. मताचेंही तसेंच आहे.

आणि हें मत आपल्या आजा-पणजाला नव्हतें, हें विसरूं नका. १९१९ च्या कायद्याप्रमाणें मुंबई इलाख्याच्या कौन्सिलाच्या निवडणुका झाल्या, पण मत कोणाला? ठरलेला शेतसारा किंवा कर भरणाराला. भूमिहीन मजूर, बहुतेक बलुतेदार आणि लहान कुळें हीं बाहेरच. त्याच सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं साउथबरो कमिटीपुढें अस्पृश्यांच्या मताधिकाराची बाजू मांडली, आणि १९२८ सालीं सायमन कमिशनपुढें प्रत्येक प्रौढ माणसाला मत मागितलें. राज्यघटनेच्या ३२६ व्या कलमानें तें दिलें. आधीं वय २१ होतें, १९८९ पासून तें १८ झालें. ना सारा, ना घरपट्टी, ना शाळेचा दाखला. नागरिक असलें आणि वय भरलें कीं मत.

पहिल्या याद्या तयार झाल्या त्या वेळचा दाखला आपल्या शेजारचाच आहे. आजचें उल्हासनगर तेव्हां कल्याण कँप होतें. लढाईकरितां बांधलेल्या बराकींत सिंधमधून आलेलीं हजारों माणसें राहिलीं. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं त्या वस्तीचें नांव उल्हासनगर झालें. घरदार मागें टाकून आलेल्या माणसाजवळ कागद कसला असणार? तरी १९४८ सालीं याद्यांची तयारी सुरू झाली, तेव्हां देशभरच्या निर्वासितांविषयीं असें ठरलें कीं, 'मी या गांवीं कायम राहणार' असें ज्यानें सांगितलें त्याचें नांव घ्यावें, तो किती दिवस राहिला हें पाहूं नये. पुढच्या तपासण्या पुढें होत राहिल्या. पण आरंभ विश्वासानें झाला.

त्याच याद्यांत दुसरीही गोष्ट घडली. 'अमक्याची बायको', 'तमक्याची मुलगी' एवढेंच सांगणाऱ्या सुमारें २८ लाख स्त्रियांचीं नांवें पहिल्या निवडणुकींत गळलीं. त्यांतल्या बहुतेक उत्तरेकडील प्रांतांतल्या होत्या. पण भगिनींनो, आपल्याकडे तरी काय आहे? लग्न होऊन सासरीं आलेल्या मुलीचें माहेरचें नांव माहेरच्या यादींत तसेंच राहतें, आणि सासरीं नव्या नांवानें दुसरी नोंद होते. माणूस एक, नोंदी दोन. याला लोक 'दुबार' म्हणतात. कोणी अंबरनाथच्या कारखान्यांत कामाला असतां तेथें नांव घालतो, मग एक स्टेशन पुढें बदलापूरला खोली घेतो. तेवढ्यानें त्याचा मतदारसंघ बदलतो. अंबरनाथचा मतदार कल्याणच्या खासदाराकरितां मत देतो, आणि बदलापूरचा मुरबाड मतदारसंघांत पडून भिवंडीच्या खासदाराकरितां. जुनें नांव कोण काढणार? तें तसेंच राहतें. त्यांत मेलेल्यांचीं नांवें मिळवा. या ढिगाऱ्याच्या आड खरा चोर लपतो, आणि दोन ठिकाणीं मत देतो किंवा मेलेल्याच्या नांवानें देतो. चोर आहे हें मी नाकारीत नाहीं. अंबरनाथ नगरपालिकेचें मतदान २० डिसेंबर २०२५ रोजीं झालें, तेव्हांही बोगस मतदार आणल्याची ओरड झालीच. दहा वर्षांनीं आलेली निवडणूक. मधलीं पांच-साडेपांच वर्षें प्रशासकाचा कारभार. इतक्या दिवसांनीं आलेलें मत चोराच्या हातीं गेलें तर कोणाच्या पोटांत दुखणार नाहीं?

तेव्हां चोर पकडलाच पाहिजे. प्रश्न इतकाच कीं तो पकडतांना झाडणी कशी करावयाची. त्याच निवडणुकांकरितां राज्य निवडणूक आयोगानें नोव्हेंबर २०२५ मध्यें ठरविलें कीं संभाव्य दुबार नांवांपुढें दोन चांदण्या छापाव्या, आणि त्या माणसाला विचारावें, 'तूं कोठें मत देणार तें लिहून दे.' उत्तर न मिळाल्यास मतदानाच्या दिवशीं केंद्रावर त्याचें हमीपत्र घ्यावें आणि ओळख नीट तपासावी. पुष्कळांना हें अपुरें वाटलें. यादीच साफ करा म्हणून १ नोव्हेंबरला मुंबईंत मोठा मोर्चाही निघाला होता, आणि ती मागणी गैर नव्हती. पण चांदण्यांच्या रीतींत एक गुण होता: आधीं विचारलें, कापलें नाहीं.

उलट बाजूचा दाखला बिहारचा. तेथें २०२५ च्या जून महिन्यांत साऱ्या यादीची फेरतपासणी निघाली, आणि १ ऑगस्टच्या कच्च्या यादींत सुमारें ६५ लाख जुनीं नांवें नव्हतीं. त्यांत मेलेले असतील, दुबार असतील, गांव सोडून गेलेलेही असतील. पण कोणतें नांव कोणत्या कारणानें गेलें हें लोकांना कळावें, याकरितां सर्वोच्च न्यायालयाला १४ ऑगस्टला हुकूम द्यावा लागला. आणि आधार कार्ड ओळखीकरितां घ्यावें, म्हणून ८ सप्टेंबरला पुन्हां सांगावें लागलें. विलायतेंतही २०२३ च्या स्थानिक निवडणुकांपासून फोटोचें ओळखपत्र सक्तीचें झालें, तेव्हां सुमारें १४ हजार माणसें केंद्रावरून परत गेलीं तीं आलींच नाहींत. शिकल्यासवरल्या देशांत हें होतें, तर भट्टीवरच्या माणसाचें काय होईल?

माझें म्हणणें असें. तलाठी फेरफार करतो तेव्हां संबंधितांना आधीं नोटीस द्यावी लागते. नांव काढतांनाही तसाच न्याय हवा. आणि कायदा तोच सांगतो. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या २२ व्या कलमाप्रमाणें 'हा येथें राहत नाहीं' म्हणून नांव काढावयाचें, तर त्याला म्हणणें मांडण्याची संधि दिली पाहिजे. निकाल पटला नाहीं तर जिल्हाधिकाऱ्याकडे अपील आहे. नांव खोटें आहे हें दाखविण्याचें ओझें खोडणाऱ्यावर असावें. 'मी जिवंत आहें, येथलाच आहें' हें सिद्ध करीत गरिबानें चावडीचे उंबरे झिजवावे, हें बरें नव्हे. हें मी कोणा दुसऱ्याला सुनावीत नाहीं. मीं एक प्रश्न विचारला असता, तर दोन माणसांचीं मतें वांचलीं असतीं.

पण आपलेंही काम आहे. कच्ची यादी लागते तेव्हां ती वाचा. ज्याला वाचतां येत नाहीं त्याला शाळेंतल्या पोरानें वाचून दाखवावी. नांव नसेल तर ६ नंबरचा अर्ज, घर बदललें किंवा नांवांत चूक असेल तर ८ नंबरचा. घरांत कोणी वारलें, किंवा मुलगी सासरीं गेली, तर ७ नंबरच्या अर्जानें जुनें नांव आपणच काढून घ्या. दुबारांचा निम्मा गोंधळ तेथेंच मिटेल. भट्टीवर निघतांना यादीच्या मास्तराला सांगून जा, 'आम्ही परत येणार.' ओळखपत्र हरवलें म्हणून घरीं बसूं नका. नांव यादींत असेल तर आधार, जॉबकार्ड, बँकेचें किंवा पोस्टाचें फोटोचें पासबुक अशा दुसऱ्या कागदांवरही मत देतां येतें. आणि तुमच्या नांवानें कोणी आधींच मत देऊन गेला असेल, तर मुकाट्यानें परतूं नका. ओळख पटवून प्रदत्त मत मागा. तें मोजणींत सहसा धरीत नाहींत, पण चोरी झाल्याची लेखी नोंद राहते.

त्या कातकरी बंधूचा अर्ज पुढें मींच भरून दिला आणि नवराबायकोचीं नांवें यादींत परत आलीं. तें एक मतदान मात्र गेलें तें गेलेंच. त्या दिवसापासून दाराला ताटी दिसली कीं मी शेजारच्या ओट्यावर बसतों, पाणी मागतों, आणि माणसें कोठें गेलीं तें पुरतें विचारल्याशिवाय वही उघडीत नाहीं. तुमच्या दारीं जो कोणी वही घेऊन येईल, त्याला तुम्हींही असेंच बसवून घ्या, आणि काय लिहिलें तें वाचून दाखवावयास लावा.