गोदाघाटावरील धुके आणि जलरंग

श्रोतेहो, नाशिकचा गोदाघाट आपणांपैकी पुष्कळांनी पाहिला असेल; कुणी पर्वणीला, कुणी घरच्या माणसाच्या अस्थी घेऊन. आज तो चित्रकाराच्या शेजारी बसून पाहू या. आमच्या नाशिकचे चित्रकार शिवाजी तुपे यांनी हा घाट जलरंगांत पुनःपुन्हा रंगविला. त्यांच्याआधीही अनेकजण इथे फळी आणि कागद घेऊन बसले. असे काय आहे इथे?

गोदावरी पूर्वेकडे जाणारी नदी. पण रामकुंडापाशी ती दक्षिणेला वळते. त्यामुळे थंडीच्या पहाटे गावाकडच्या पायऱ्यांवर बसलात, तर सूर्य समोरून, पंचवटीच्या मागून वर येतो. पाण्यावर धुके असते. १७४७ सालचे नारोशंकराचे देऊळ एरवी कोरीव कामाने भरलेले. त्या वेळी त्याची नुसती निळसर आकृती उरते. हौशी माणूस फसतो तो इथेच. देवळाची नक्षी त्याला ठाऊक असते, ती सगळी तो कागदावर ओततो आणि धुके पळून जाते!

जलरंगात धुके रंगवायचे नसते, राखायचे असते. पांढरेपणा कागदाचाच. कागद ओला करून त्यावर अगदी पातळ पिवळट, मग निळसर रंगाचा हात द्यावा. तो ओला आहे तोवरच शिखराचा रंग टेकवावा, म्हणजे कडा आपोआप विरतात. घाई केली तर रंग पसरतो, उशीर झाला तर कडक रेघ उठते. पुढच्या पायऱ्या आणि धुणे धुणारी बाई मात्र कागद वाळल्यावर, गडद रंगात. घाटाचा दगड काळा खरा. पण डबीतला काळा लावला की तो मेल्यासारखा दिसतो. गडद निळ्यात तांबूस तपकिरी मिसळून पाहा, दगड ओला वाटू लागेल.

शिक्षकबंधूंनो, मुलांना आपल्या गावच्या ओढ्यावर न्या. रंगपेटीतला काळा आणि पांढरा झाकून ठेवा. एखादा म्हणेल, "गुरुजी, पलीकडचं झाड नीट दिसतच नाही." तसेच काढू द्या त्याला. परीक्षेच्या धाकाने आपण मुलांना आधी बाह्यरेषा आणि मग रंग भरणे शिकवितो. या चित्राला ती रीत मारक आहे.

फक्त लवकर निघा. ऊन चढले की धुके पाहता पाहता विरते; तेवढ्यात पहिला हात झाला पाहिजे. पुढचे काम झाडाखाली बसून सावकाश केले तरी चालते.