नावाने नको, नंबराने शोधा

(कार्यकर्ता शिबिरात दुसऱ्या दिवशी सकाळी झालेल्या भाषणाचा मजकूर. ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी देत आहोत. पाड्यावर मोठ्याने वाचून दाखवावा.)



काल रात्री जेवणं झाल्यावर एक आजी मला म्हणाल्या, "पोरा, तू नुसता कागद कागद करतोस. जमीन कागदात हाय का मातीत?" मी म्हणालो, "आजी, जमीन मातीतच आहे. पण शेठने ती नेली कागदावरून. कुठल्या कागदाने नेली ते सापडल्याशिवाय परत मागता येत नाही." आजचं बोलणं तेवढंच आहे. तो कागद कुठे असतो, कुणाकडे मागायचा आणि हातात आल्यावर कसा वाचायचा.

२०१४ पर्यंत आपला ठाणे जिल्हा केवढा होता ते आधी ध्यानात घ्या. १९९१ च्या शिरगणतीत या एका जिल्ह्यात ५२ लाखांच्या वर माणसं मोजली गेली. कल्याण, उल्हासनगर, भिवंडी, वसई यातच होतं. जव्हार, मोखाडा, तलासरी, डहाणू पण यातच. उल्हासनगरच्या गाळ्याचं भांडण आणि आपल्या पाड्यावरच्या राबाच्या तुकड्याचं भांडण, दोन्हीचे गठ्ठे शेवटी एकाच जिल्ह्याच्या ठिकाणी जात. एवढ्या गर्दीत आपला एक कागद शोधायचा. कारकून म्हणतो, "सापडत नाही." कधी तो खोटं बोलत असतो. पण कधी आपणच चुकीचं विचारलेलं असतं.

मी स्वतः असाच चुकलो. आमच्या भागातल्या एका कुटुंबाची जमीन गेली होती. घरातला नातू आणि मी कोर्टात गेलो. आजोबांचं नाव सांगितलं. दोन दिवस रजिस्टर चाळत बसलो. त्या नावाची सात माणसं निघाली! आपल्यात सोम्या, मंगळ्या, बुध्या प्रत्येक पाड्यावर आहेत. शिवाय लिहिणाऱ्याने कधी आडनाव लिहिलं, कधी नुसतं "वारली" लिहून सोडलं. एकाच माणसाला एका कागदावर जान्या, दुसऱ्यावर जानू. नावाने शोधाल तर आयुष्य जाईल. शोधायचं ते नंबराने. जमिनीचा सर्व्हे नंबर, फेरफाराचा नंबर, दाव्याचा नंबर आणि साल. हे चार पाठ करा.

आता सातबारा घ्या हातात. वरचा भाग नमुना सात. त्यात जमीन कुणाच्या नावावर ते असतं. खालचा भाग बारा. त्यात पीक आणि कोण कसतं ते असतं. जुन्या सातबाऱ्यावर वरच्या भागात काही नावांना कंस घातलेला दिसेल. कंस पडला म्हणजे ते नाव कमी केलं. नावाशेजारी वर्तुळात एक आकडा दिसेल. पुष्कळांना तो आकडा म्हणजे जमिनीचं माप वाटतं. ते माप नाही. तो फेरफाराचा नंबर आहे. नाव का कमी झालं, कधी झालं, कशाच्या आधाराने झालं, हे सगळं त्या नंबराच्या फेरफारात लिहिलेलं असतं. फेरफाराची वही म्हणजे गाव नमुना सहा. ती तलाठ्याकडे असायची. जुन्या वह्या तहसील कचेरीच्या रेकॉर्डरूममध्ये.

त्या कुटुंबाचं काय झालं ते सांगतो, म्हणजे नीट समजेल.

सातबाऱ्यावर आज शेठच्या पुतण्याचं नाव होतं. शेठच्या नावाला कंस. शेजारी वर्तुळात आकडा. तो फेरफार काढला. १९७८ सालची वारसाची नोंद होती. शेठ मेला, पुतण्या लागला. कचेरीतले साहेब म्हणाले, "बघा, ही तर त्यांच्या घरातली वारस नोंद आहे. तुमचा आदिवासी इथे कुठे आहे? आणि कायदा आहे १९७४ पर्यंतच्या व्यवहारांना." नातू खाली मान घालून बाहेर आला. पुष्कळ लोक इथेच परत फिरतात.

आपण फिरलो नाही. चालू सातबाऱ्यावर सगळी जुनी नावं असतातच असं नाही. हाताने लिहीत तेव्हा साधारण दहा वर्षांनी सातबारा नव्याने लिहायचे आणि कंसातली नावं नव्या पानावर उतरवत नसत. म्हणून आधीचा सातबारा मागायचा, मग त्याच्या आधीचा. आपण मागितला. त्यावर शेठचं नाव होतं आणि त्याच्या वर कंसात आजोबांचं नाव! शेजारी वर्तुळात दुसरा आकडा. तो फेरफार निघाला १९६३ चा. त्यात लिहिलं होतं, दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यावरून, लिलावात घेतल्याप्रमाणे नोंद केली. दाव्याचा नंबर आणि साल तिथेच होतं.

मग पुन्हा कोर्टात गेलो. या वेळी नाव सांगितलंच नाही. दाव्याचा नंबर आणि साल सांगितलं. कोर्टाची दाव्यांची रजिस्टरं सालाप्रमाणे आणि नंबराप्रमाणे असतात. अर्ध्या तासात ओळ सापडली. फाईल जिल्ह्याच्या रेकॉर्डला गेलेली होती, तिथून नक्कल यायला तीन महिने लागले. त्यात काय निघालं? खावटीच्या भाताचं देणं. शेठने पैशाचा दावा लावला. आजोबा एकाही तारखेला हजर नाहीत. एकतर्फी हुकूमनामा झाला, मग वसुलीची दरखास्त, मग जमिनीचा लिलाव. लिलावात बोली लावणारा शेठच. घरच्या लोकांना कोर्टात दावा होता हेच तीस वर्षं माहीत नव्हतं. त्यांना वाटायचं, आजाने अंगठा दिला आणि जमीन विकली. आजावर राग धरून बसले होते.

साथींनो, त्या म्हाताऱ्याने जमीन विकलीच नव्हती. हे कागदाने सांगितलं.

आता कायदा काय म्हणतो ते बघा. आदिवासींच्या जमिनी परत देण्याचा कायदा १९७४ चा आहे. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे गेली असेल तर ती या कायद्यात येते. फक्त विक्री नाही. गहाण, बक्षीस, अदलाबदल येतं, आणि कोर्टाच्या हुकमाने गेलेली जमीन पण येते. हे कायद्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणून १९६३ चा फेरफार आणि हुकूमनामा हातात आल्यावर ते "वारस नोंद आहे" हे बोलणं संपलं. अर्जाची मुदत टळली असं सांगतील, तर उत्तर हे की कलेक्टर आपणहून केव्हाही चौकशी लावू शकतात. आपण माहिती आणि कागद पुढे ठेवून तशी मागणी करायची. जमीन त्या तारखेपूर्वी बिनशेतीकडे लागली असेल तर मात्र अडचण आहे. आणि परत मिळाल्यावर आपण स्वतः कसू, असं लिहून द्यावं लागतं.

६ जुलै १९७४ नंतरच्या व्यवहारांना दुसरा नियम आहे. महसूल कायद्याचं कलम ३६-अ. परवानगीशिवाय आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला देता येत नाही. म्हणून १९७४ नंतरचा फेरफार वाचताना एकच गोष्ट शोधा, परवानगीच्या हुकमाचा नंबर आणि तारीख आहे का? नसेल तर त्या फेरफारावर लाल पेनने खूण करा आणि आमच्याकडे आणा.

आता एक महत्त्वाची गोष्ट. जमीन परतीच्या या चौकशीत वकील उभा राहू शकत नाही. शेठचाही नाही, आपलाही नाही. शेठ लोकांनी हा कायदा सुप्रीम कोर्टापर्यंत नेला, पण १९८४ च्या डिसेंबरात कोर्टाने तो कायम केला, वकील नको हे कलमसुद्धा. म्हणजे साहेबांपुढे आपल्यालाच बोलायचं आहे. बोलता नाही आलं तरी चालेल. पण कागद क्रमाने लावलेले पाहिजेत. पहिला कागद काय सांगतो, दुसरा काय सांगतो, हे नातवाला तोंडपाठ होतं. साहेबांनी विचारलं तसं त्याने सांगितलं.

नावाचा घोळ तिथेही आला. हुकूमनाम्यात जान्या आणि घरचे म्हणतात जानू. हा तोच कशावरून? त्यासाठी गाव नमुना १४ काढला. त्यात गावातल्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी असतात. आजोबांच्या मृत्यूची नोंद, पाड्याचं नाव, बापाचं नाव जुळलं. शेजारच्या दोन म्हाताऱ्यांनी बांध दाखवून जबाब दिले. कागद आणि माणसं दोन्ही लागतात.

आता काय करायचं आणि काय नाही करायचं, ते क्रमाने सांगतो.

एक. कागद बघणं ही मेहेरबानी नाही. जमिनीचे नकाशे आणि नोंदी लोकांना बघायला मोकळ्या आहेत, फी भरून खरी नक्कल मिळते, हे महसूल कायद्यातच आहे. तोंडी मागू नका. लेखी अर्ज करा, कोर्ट फी स्टँप लावा, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पोच नाही तर अर्ज केलाच नाही असं समजा.

दोन. खरेदीखत शोधायचं असेल तर दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जा. तिथे पहिलं पुस्तक आणि सूची कुणालाही बघता येते, तुम्ही व्यवहारात असा वा नसा. सूची क्रमांक दोन ही जमिनीवरून लावलेली असते. ती आपल्या कामाची.

तीन. एकत्रीकरण झालेल्या गावात जुना सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आला. जुन्या-नव्याचा मेळ मोजणी ऑफिसात मिळतो. तो न घेता शोधायला लागलात तर दुसऱ्याचीच जमीन शोधत बसाल. पोटहिस्सा पडला असेल तर तेही बघा. एक्केचाळीस-दोनचे दोन तुकडे होऊन अ आणि ब झाले असतील.

चार. "रेकॉर्ड नाश केलं" असं सांगितलं तर घाबरू नका. महसूल कचेरीत अ वर्गाचा कागद कायम ठेवायचा असतो, ब वर्गाचा तीस वर्षं, बाकीचे दहा, पाच आणि एक वर्ष. कागद कुठल्या वर्गाचा होता आणि कधी नाश केला, ते लेखी मागा. लेखी मागितलं की पुष्कळदा कागद सापडतो!

पाच. मूळ कागद कुणालाही देऊ नका. शेठला नको, पुढाऱ्याला नको, आम्हालाही नको. नक्कल द्या.

सहा. नोंद झाली म्हणून हरलो असं समजू नका. सातबाऱ्यावरची नोंद खरी धरतात, पण उलट सिद्ध होईपर्यंतच.

सात. कोऱ्या कागदावर अंगठा नको. हे दर वेळी सांगतो आणि दर वेळी कुणीतरी देऊन येतो. जुना कागद शोधायला तीस वर्षं लागतात. नवा अंगठा द्यायला एक मिनिट लागतं. वसई-विरारकडून गाड्या आता आपल्या रस्त्यावर पण फिरायला लागल्यात. कुलमुखत्यारपत्र, साठेखत अशी नावं सांगतील. आधी इथे आणा, वाचून घ्या.

नातवाच्या जमिनीचं पुढे काय झालं, ते विचाराल. परतीचा हुकूम झाला. पुतण्या अपिलात महसूल न्यायाधिकरणाकडे गेला. तारखा चालू आहेत. ताबा अजून मिळालेला नाही. मी खोटं सांगणार नाही, कागद सापडला म्हणून त्याच्या घरात या वर्षी भात आलेला नाही. पण परवा त्याचा बाप मला म्हणाला, "आमच्या आजाने विकली नाय, एवढं तरी कळलं." पावसाळ्याआधी त्याने आजाच्या नावाने पाड्यावर जेवण घातलं. तीस वर्षांत पहिल्यांदा.

आता काम. प्रत्येक पाड्याने दोन जण निवडा, एक वाचता येणारा, एक जुनं आठवणारा. शंभर पानी वही घ्या. प्रत्येक घराच्या गेलेल्या जमिनीचा सर्व्हे नंबर, कंसातलं नाव, वर्तुळातला आकडा, एवढंच लिहून आणा. जुनं आठवणाऱ्याला आधी विचारा, कारण कागद थांबेल, म्हातारी माणसं थांबणार नाहीत. पुढच्या बैठकीला वह्या घेऊनच या. रिकाम्या हाताने आलात तर चहा नाही!

जिंदाबाद.