दुर्बिणीची तपासणी आणि गुंगी
(महोत्सवी समारंभातील भाषण)



"दुर्बिणीच्या तपासणीला भूल देणार ना?" हा प्रश्न आम्हां डॉक्टरांना नेहमी ऐकावा लागतो. कोणी नळीला भितो, कोणी भुलेला. आणि भीतीपायी तपासणी लांबते, आजार मात्र थांबत नाही. म्हणून या विषयावर चार शब्द बोलावे असे आम्ही योजले आहे.

मार्ग मुख्यत्वे तीन. पहिला, घशात लिग्नोकेनचा फवारा. घसा बधिर होतो, रोगी शुद्धीवर राहतो. जठराची साधी तपासणी पाच-दहा मिनिटांत आटोपते, तेवढ्याला हा मार्ग पुष्कळांना पुरतो. उबळ येते, डोळ्यांत पाणी येते. पण खर्च थोडा, आणि माणूस लवकर घरी जातो. बधिरपणा जाईपर्यंत मात्र पाणीही पिऊ नये.

दुसरा, शिरेतून मिडाझोलाम, कधी जोडीला फेंटानिल. रोगी गुंगीत असतो, हाक मारल्यास ओ देतो. मागाहून त्याला फारसे आठवत नाही. या दोन्ही औषधांवर उतारा उपलब्ध आहे.

तिसरा, प्रोपोफोल. मिनिटभरात झोप लागते आणि औषध थांबवल्यावर थोड्याच वेळात जाग येते. मोठ्या आतड्याच्या किंवा पित्तनलिकेच्या लांबणाऱ्या कामास हे सोयीचे. परंतु यावर उतारा नाही. श्वास मंदावतो, रक्तदाब उतरतो. म्हणून भूलतज्ज्ञ जवळ हवा, आणि त्यामुळे खर्चही वाढतो.

तेव्हा महाग ती भूल चांगली, हा समज सोडावा. अशक्त, हृदयविकाराच्या वृद्धाला केवळ फवारा हितकर ठरू शकतो. फार घाबरणाऱ्याला गुंगीच बरी. दमा, झोपेतले घोरणे, चालू औषधे, पूर्वी भुलेचा झालेला त्रास, यांतले काहीही डॉक्टरांपासून लपवू नये. गुंगी घ्यायची तर सहा तास अन्न आणि दोन तास पाणीही वर्ज्य. नंतर चोवीस तास वाहन चालवू नये, महत्त्वाच्या कागदांवर सही करू नये.

आणि सोबत कोणी तरी हवेच. आपल्यातील कित्येक वडीलधारी मंडळी आज एकटी राहतात. मुले परगावी, परदेशी. केवळ सोबतीअभावी त्यांची तपासणी राहून जाते. पैशाची मदत न्यास करीलच. पण त्या एका दिवसापुरता हात धरून नेणारा आणि घरी पोहोचविणारा तरुण प्रत्येक आळीतून मिळावा, एवढीच आमची आजची विनंती आहे.