जीभ चावणे



देवाच्या दारात जिभेचा विषय निघाला की ऐकणाऱ्यास वाटते, आता गोड बोलण्याचा उपदेश होणार. तो कीर्तनकारांनी पुष्कळ केला आहे. येथे गोष्ट आहे ती फक्त जीभ चावण्याची.

नको ते बोलून गेल्यावर माणूस जीभ चावतो. जुन्या वळणाच्या बाईच्या तोंडून चुकून यजमानांचे नाव निघाले, की ती जिभेचे टोक दातांत धरते. इंग्रजांचे याच्या उलट. त्यांच्याकडे जीभ चावायची ती बोलण्यापूर्वी, शब्द आत दाबण्यासाठी. मराठी माणूस आधी बोलतो आणि मग चावतो!

बंगाल-ओडिशाकडे तर साक्षात देवीची मूर्तीच या खुणेने ओळखतात. कालीमाता शंकराच्या छातीवर पाय देऊन उभी, आणि जीभ बाहेर. आपल्याकडे नवरात्रात सप्तशतीचा पाठ होतो. तिच्यात देवी रक्तबीजाचे रक्त भुईवर पडू न देता पिऊन टाकते, कारण प्रत्येक थेंबातून नवा दैत्य उठत असतो. तेथील लोक मात्र निराळे सांगतात : रागाच्या भरात पतीवर पाय पडला हे ध्यानी आले आणि देवीने लाजेने जीभ चावली. उषा मेनन व रिचर्ड श्वेडर या अभ्यासकांनी भुवनेश्वरच्या लोकांशी बोलून १९९४ साली यावर निबंध लिहिला. त्याचा गाभा लज्जा हाच आहे. एवढी प्रचंड शक्ती, आणि तिला थांबवणारी ती लाज! असो.

जेवताना जीभ चावली की काही घरांत म्हणतात, कोणीतरी नाव काढीत असेल. खरे कारण घासातच असते. जबडा चालवणारी नस वेगळी आणि जीभ हलवणारी वेगळी. दोघींचा ताल मेंदू सांभाळतो. घाईने जेवताना, घास तोंडात ठेवून गप्पा मारताना किंवा थकव्यात तो ताल चुकतो आणि जीभ दाढेखाली सापडते. जिभेत रक्तपुरवठा भरपूर, म्हणून रक्त पाहून घरचे घाबरतात. पण त्याच पुरवठ्यामुळे जखम भरतेही लवकर. स्वच्छ फडक्याने दाबून धरावे, बर्फ असल्यास लावावा, तिखट चार दिवस बंद. जखम उघडी पडली किंवा पंधरा मिनिटे दाबूनही रक्त थांबले नाही, तर डॉक्टरांकडे जावे.

एक मात्र पक्के लक्षात ठेवावे. साधा चावा आठवडाभरात बरा होऊ लागतो. 'जीभ चावली होती, म्हणून फोड आहे' असे सांगत महिना काढणारे गावोगाव सापडतात, आणि त्यांत तंबाखू-मिश्रीवाले अधिक. दोन आठवड्यांत न भरलेली जखम दाखवलीच पाहिजे. ती कर्करोगाची सुरुवात असू शकते. दाताच्या टोकाने तीच जागा पुन्हा पुन्हा चावली जात असेल, तर दात घासून घ्यावा.

आता फीट, म्हणजे मिरगी. जत्रेच्या गर्दीत कोणी कोसळतो, अंग ताठ होते, झटके येतात, तोंडातून रक्तमिश्रित फेस येतो. धावणारी मंडळी चांगल्याच मनाने धावतात : एक चमचा आणतो, दुसरा कांदा, तिसरा पायातली वहाण. 'जीभ तुटेल, दातांत काहीतरी घाला!' असा आरडाओरडा होतो. येथेच अनर्थ होतो. जीभ चावली जायची ती झटका सुरू होतानाच बहुधा चावली जाते. नंतर चमचा घातल्याने दात मोडतात, तुकडा श्वासनलिकेत जातो, मदत करणाऱ्याची बोटे चावली जातात. जीभ गिळली जाते ही समजूतही खोटी. जिभेची जखम भरते, मोडलेला दात परत येत नाही.

करायचे एवढेच : भोवतालची गर्दी हटवावी, डोक्याखाली उपरणे ठेवावे, गळ्याजवळचे बटण सैल करावे, झटके ओसरताच कुशीवर वळवावे. हातपाय दाबून धरू नयेत. घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत झटका थांबला नाही, किंवा भान न येता दुसरा आला, तर १०८ ला फोन करावा. पूर्ण भान आल्याखेरीज पाणी पाजू नये. अंगारा लावायचाच, तर कपाळी लावावा, तोंडात घालू नये.

शुद्धीवर आल्यावर जिभेची कड पाहावी. बाजूने चावलेली जीभ ही डॉक्टरांना मोठी खूण असते, कारण साध्या चक्करेत तसे क्वचितच होते. म्हणून जे पाहिले ते त्यांना सविस्तर सांगावे. औषध नियमित घेतले तर दहांपैकी सुमारे सात जणांचे झटके थांबू शकतात. लेकीच्या लग्नापायी हा आजार लपवून औषध बंद करणारे आईबाप आहेत. अशा मुली विहिरीवर किंवा चुलीपुढे असताना कोसळल्या, तर जिभेपुरती इजा होऊन भागत नाही.