जमाखर्चाचा जाब विचारणारे लोकप्रतिनिधी : नामदार गोखले



कायदेमंडळाच्या सभासदाचे कार्य कोणते, असे विचारले तर ‘कायदे करणे’ हे उत्तर सहज मिळते. परंतु ज्याच्या पाठीशी बहुमत नाही, त्या सभासदाने काय करावे? या प्रश्नाचे उत्तर नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांच्या चरित्रात सापडते.

गोखले १८९९ मध्ये मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळात निवडून गेले आणि १९०२ पासून १९१५ मध्ये देहावसान होईपर्यंत व्हाइसरॉयच्या कायदेमंडळाचे सभासद होते. १८९२ च्या कायद्याने सभासदांना अंदाजपत्रकावर बोलण्याचा व प्रश्न विचारण्याचा अधिकार दिला होता. अंदाजपत्रकावर मत देण्याचा मात्र नव्हता. बहुमत सरकारी सभासदांचे. अशा स्थितीत गोखल्यांनी आकडेवारी हेच आपले शस्त्र केले.

२६ मार्च १९०२ रोजी त्यांनी अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले. सरकार शिलकीचा अभिमान बाळगत होते. देश नुकताच दोन भीषण दुष्काळांतून गेला होता. गोखल्यांच्या प्रतिपादनाचे सार असे : व्यापाऱ्याच्या वहीतील शिल्लक ही त्याची कमाई असेल, परंतु उपाशी रयतेच्या सरकारची शिल्लक म्हणजे गरजेपेक्षा अधिक वसूल केलेला कर होय. मिठावरील कराविरुद्ध ते वर्षानुवर्षे बोलत राहिले. दर मणास अडीच रुपये असलेला हा कर १९०३ मध्ये दोन, १९०५ मध्ये दीड आणि १९०७ मध्ये एक रुपयावर आला.

देशी गिरण्यांच्या कापडावर १८९६ पासून साडेतीन टक्के अबकारी कर होता. लँकेशायरच्या मालाला स्पर्धेची झळ लागू नये, हा त्यामागील हेतू. तो रद्द करावा, अशी मागणी गोखल्यांनी केली. तो कर १९२६ मध्ये गेला. तेव्हा गोखल्यांना जाऊन अकरा वर्षे झाली होती.

१९०९ च्या सुधारणांनी ठराव मांडण्याचा अधिकार मिळाला. फेब्रुवारी १९१० मध्ये गोखल्यांनी नाताळला करारबद्ध मजूर पाठविणे थांबवावे, असा ठराव मांडला. सरकारने तो स्वीकारला आणि १ जुलै १९११ पासून ती भरती बंद झाली.

१६ मार्च १९११ रोजी त्यांनी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. त्याची रचना अत्यंत सावध होती. जेथे पुरेशी मुले आधीच शाळेत जात आहेत, तेथेच स्थानिक संस्थेने सरकारच्या संमतीने सक्ती लागू करावी. प्रारंभी सक्ती सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांपुरती असावी. खर्चाचा दोनतृतीयांश भाग सरकारने उचलावा. एवढी माफक मागणीही १९ मार्च १९१२ रोजी १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळली गेली. हा निकाल त्यांना आधीच ठाऊक होता. हे विधेयक पुनःपुन्हा परत येईल, असे त्यांनी त्याच सभागृहात सांगितले.

आणि ते आलेच! १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेलांच्या विधेयकाने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांना सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार दिला. २००२ मध्ये घटनादुरुस्ती झाली, २००९ मध्ये शिक्षणहक्क कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलामुलीचा तो हक्क प्रत्यक्षात लागू झाला.

बंधू-भगिनींनो, लोकप्रतिनिधीचे मूल्यमापन केवळ संमत झालेल्या विधेयकांवरून करू नये. त्याने कोणते प्रश्न विचारले, अभ्यास किती केला आणि हिशेब कोणासाठी मागितला, हेही मतदाराने पाहिले पाहिजे. सभागृहात हरलेली १३ मते पुढे कोट्यवधी बालकांच्या उपयोगी पडली, हे विसरून चालणार नाही.