महिन्याकाठी एक खरे चित्र



अमेरिकेतील मेन राज्यात वॉटरव्हिल नावाचे लहान शहर आहे. तेथील ज्यूलिया ब्लूम ही १४ वर्षांची मुलगी बॅले नृत्य शिकत असे. बरोबरीच्या मुली ‘मी किती जाड!’ म्हणून सारख्या हळहळत. रोज नाचणाऱ्या पोरी त्या, जाड कसल्या! पण त्या स्वतःला ताडून पाहत मासिकांतल्या, संगणकावर घासूनपुसून काढलेल्या चित्रांशी.

एप्रिल २०१२ मध्ये ज्यूलियाने ‘स्पार्क’ या मुलींच्या चळवळीच्या साथीने ‘सेव्हन्टीन’ मासिकाकडे अर्ज केला. मासिक बंद करा, असे तिने म्हटले नाही. महिन्याकाठी एक चित्रमालिका हात न लावता छापा, एवढेच मागणे. यातच खरी मेख होती. एवढेही जमत नाही म्हणावे, तर बाकीच्या पानांविषयी काय सांगावे?

२ मे रोजी न्यूयॉर्कला प्रकाशकांच्या दारातच मुलींनी आपली छायाचित्रे काढविली. संपादिकेने ज्यूलियाला आत बोलावले. सह्या ८० हजारांवर गेल्या. ऑगस्टच्या अंकात वचन आले: मुलींच्या चेहऱ्याचा, अंगलटीचा आकार बदलणार नाही. पूर्वीही बदलला नव्हता, ही पुस्ती जोडूनच! माघार घेण्याची ही रीत आपल्याही ओळखीची आहे.

त्याच जुलैत चळवळीतल्या दुसऱ्या मुली ‘टीन व्होग’च्या दारी गेल्या. तेथे मात्र असे लेखी वचन मिळाले नाही.